हसू, हशा आणि हसं : माणूस नेमका हसतो कशासाठी?

अनुस्वार

'ती मला हसली' आणि 'ती माझ्याकडे बघून हसली' ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा. क्रियापद एकच, चेहऱ्यावरची हालचालही बहुधा एकच. पण पहिल्या वाक्यात अपमान आहे आणि दुसऱ्यात ओळख. तिसरं वाक्य घ्या : 'ती माझ्याशी हसून बोलली'. यात रुसवा गेल्याची खूण आहे. सगळा फरक 'मला', 'माझ्याकडे', 'माझ्याशी' या शब्दांत, म्हणजे दोन माणसांच्या मधल्या जागेत.

नामांचंही तसंच. हसू एकट्याचं असतं. ते फुटतं, ओठांवर येतं, दाबता येतं. हशा चौघांचा असतो, तो पिकतो. एकटा माणूस कितीही मोठ्याने हसला तरी 'हशा पिकला' असं कुणी म्हणत नाही. आणि हसं इतरांनी आपलं केलेलं असतं, ते 'होतं'.

म्हणजे आपल्या भाषेला फार आधीपासून ठाऊक आहे की हसणं ही विनोदाला दिलेली पोचपावती नाही. ती माणसाने माणसाला दिलेली खूण आहे. धागा काढायचं कारण हेच, कारण 'माणूस का हसतो' म्हटलं की चर्चा लगेच विनोदाच्या सिद्धांतांवर जाते. दुसऱ्याची फजिती पाहून आपण वरचढ ठरतो म्हणून हसतो असं इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जने १६५१ मध्ये लिहिलं. अपेक्षा एक आणि घडतं भलतंच म्हणून हसतो असं जर्मन तत्त्वज्ञ कांट म्हणाला. साठलेला ताण मोकळा होतो म्हणून हसतो असं तत्त्वज्ञ स्पेन्सर आणि मनोविश्लेषक फ्रॉइड यांचं म्हणणं. तिन्ही गोष्टी विनोद समजून घ्यायला उपयोगी आहेत, पण रोजचं हसणं बहुतांशी त्यांच्या बाहेर राहतं.

रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९३ मध्ये छापलेलं काम यासाठी महत्त्वाचं. त्याने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी बाजारात, रस्त्यावर, कॉलेजच्या आवारात लोकांच्या गप्पा ऐकून हसण्याचे १२०० प्रसंग नोंदवले. कोण हसलं आणि हसण्याच्या अगदी आधी काय बोललं गेलं, एवढंच लिहायचं. विनोद म्हणता येईल असं काही आधी बोललं गेलं होतं अशा नोंदी होत्या फक्त १० ते २० टक्के. बाकीची वाक्यं आपल्या 'बरं, निघतो मग', 'अरे, तू इथे कसा?', 'बघू या, जमलं तर' अशा जातीची. दुसरी गोष्ट याहून चकित करणारी : बोलणारा माणूस ऐकणाऱ्यापेक्षा सरासरी ४६ टक्के जास्त हसत होता. हसणं ही नुसती दाद असती तर हे उलटं असायला हवं होतं.

ज्यांचा आवाजाशी, रंगभूमीशी, वैद्यकाशी रोजचा संबंध आहे त्यांनी आपापल्या बाजूने लिहावं.

श्वासपट

आवाजाच्या बाजूने लिहितो. हसणं म्हणजे मुळात तुकडे पडलेला उच्छ्वास. बोलताना आपण एका उच्छ्वासावर अख्खं वाक्य सोडतो. हसताना त्याच उच्छ्वासाला छातीचे आणि पोटाचे स्नायू धक्के देतात आणि प्रत्येक धक्क्याला एक 'हा' सुटतो. एक 'हा' साधारण ७५ मिलिसेकंदांचा, आणि एका 'हा'च्या सुरुवातीपासून पुढच्या 'हा'च्या सुरुवातीपर्यंत साधारण २१० मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला पाचाच्या आत. हा ठेका माणसागणिक फार बदलत नाही. सूर बदलतो, जोर बदलतो, ठेका राहतो.

घरी तपासता येतं. मोबाइलवर मनापासूनचं हसणं रेकॉर्ड करा (समोरच्याला विचारून), फाइल ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा. आलेखात समान अंतरावर उंचवटे दिसतील, टोकाला जाताना हळूहळू बुटके होत जाणारे, कारण हवा संपत आलेली असते. आता तीन गोष्टी करून पाहा.

पहिली, फाइल उलटी वाजवा. बोलणं उलटं वाजवलं की अगम्य होतं, हसणं मात्र हसणंच वाटतं. दुसरी, सगळे उंचवटे कापून फक्त मधल्या फटी जोडा. एक लांब उसासा ऐकू येतो, म्हणजे आवाजाखाली उच्छ्वास अखंड चालूच होता. तिसरी, प्रत्येक फटीत अर्ध्या सेकंदाची शांतता घाला. हसू कृत्रिम वाटायला लागतं, एखादा वाचून दाखवतोय तसं. एक गोष्ट रेकॉर्डिंगशिवायही कळते : 'हाहाहा' किंवा 'होहोहो' सहज येतं, 'हा-हो-हा-हो' मुद्दाम करावं लागतं आणि तोंड अडखळतं.

चिंपांझी हसतो तेव्हा श्वास आत घेताना एक आणि बाहेर टाकताना एक असा आवाज काढतो, म्हणून ते धापा टाकल्यासारखं ऐकू येतं. माणूस एकाच उच्छ्वासाचे अनेक तुकडे करू शकतो, कारण श्वासावर त्याचा ताबा मोकळा आहे. बोलणंही त्याच ताब्यावर उभं आहे. २००९ मध्ये ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी, बोनोबो आणि माणसाची बाळं यांना गुदगुल्या करून आवाज नोंदवले गेले. आवाजांच्या साधर्म्यावरून जी वंशावळ निघाली ती जनुकांवरून काढलेल्या वंशावळीशी जुळली. विनोद, भाषा, टोमणा हे सगळं पुष्कळ नंतर आलं. आधी होतं खेळताना धापा टाकत एकमेकांना सांगणं की 'मी चावत नाहीये, खेळतोय'.

आणि प्रोव्हाइनच्याच नोंदींतली एक बारीक गोष्ट : बोलणाऱ्याचं हसू वाक्य मध्ये तोडून येत नाही. 'तू कुठे चाललास... हाहा' असं होतं, 'तू कुठे... हाहा... चाललास' असं जवळजवळ होत नाही. लिहिताना विरामचिन्ह जिथे पडेल तिथे हसू पडतं.

मोगरीचा_वेल

श्वासपट, फार छान. मग हसता हसता खोकला का येतो? आणि हातापायांतलं बळ का जातं?

श्वासपट

खोकल्याचं कारण सरळ आहे. नेहमीचा श्वास सोडल्यावरही फुप्फुसात बरीच हवा शिल्लक असते. जोरात हसताना त्या शिलकीतलीही बरीच बाहेर ढकलली जाते, श्वासनलिका आवळल्या जातात, मग एकदम मोठा श्वास आत खेचला जातो. दम्याच्या माणसाला तेवढ्यानेही उबळ येते. हसताना खोकला किंवा घरघर वारंवार येत असेल तर दमा आटोक्यात नाही असं समजून डॉक्टरांना दाखवावं, हसणं बंद करू नये. बळ जाण्याबद्दल वैद्यकाशी संबंधित कुणी लिहिलं तर बरं.

मज्जातंतू

लिहिते. हसताना पायांतली प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते, हे मोजून पाहिलेलं आहे. म्हणून 'हसून हसून मुरकुंडी वळली' हे शब्दशः खरं असतं, स्नायू खरोखर ढिले पडतात. पण दर वेळी हसताना गुडघे दुमडत असतील, मान लटकी पडत असेल, हातातला कप सुटत असेल, शुद्ध मात्र पूर्ण असेल आणि शिवाय दिवसा अनावर झोप येत असेल तर तो नार्कोलेप्सी नावाचा आजार असू शकतो. अशा माणसाला 'नाटकं करतो' म्हणतात आणि निदान वर्षानुवर्षं लांबतं.

आता मुद्द्याची गोष्ट. मेंदूत हसण्याच्या दोन वाटा आहेत. एक हुकमाची, दुसरी आपोआपची. अर्धांगवायूनंतर काही रुग्णांना 'दात दाखवा' म्हटलं तर अर्धंच तोंड हलतं, पण नातवाला पाहून हसू आलं की दोन्ही बाजू सारख्या हलतात. काही मोजक्या रुग्णांत नेमकं उलटं होतं. एकच वाट असती तर हे घडलं नसतं. फ्रान्समधल्या द्युशेन यांनी १८६२ मध्ये विजेच्या सौम्य प्रवाहाने चेहऱ्याचे स्नायू एकेक करून हलवले. गालाचा स्नायू ओठांचे कोपरे वर ओढतो, तो हुकूम पाळतो. डोळ्याभोवतीचा गोल स्नायू गाल उचलतो आणि डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पाडतो, तो खऱ्या आनंदाशिवाय हलत नाही असं त्यांचं मत होतं. आता एवढं ठाम म्हणता येत नाही, कारण पुष्कळांना सरावाने डोळेही हसवता येतात. म्हणून डोळ्यांच्या सुरकुत्यांवरून कुणाला खोटं ठरवू नका. त्यापेक्षा वेळ पाहा : आपोआपचं हसू हळू उमलतं आणि हळू विरतं. हुकमाचं एकदम लागतं आणि एकदम विझतं.

दोन परिस्थितींत हसणं हे लक्षण असतं.

एक, पक्षाघात, मोटर न्यूरॉन आजार, मल्टिपल स्क्लेरोसिस किंवा डोक्याला मार लागल्यानंतर माणूस क्षुल्लक कारणाने अनावर हसतो किंवा रडतो, कधी वाईट बातमी ऐकूनही हसतो. आत ती भावना नसते. घरचे दुखावतात, रुग्ण लोकांत जाणं सोडतो. यावर औषधं आहेत. झटका येईल तेव्हा मोबाइलवर चित्रीकरण करा. किती वेळ चालला, आधी काय झालं, दिवसातून किती वेळा, एवढं लिहून न्यूरॉलॉजिस्टकडे न्या.

दोन, लहान बाळ कारण नसताना अचानक हसतं, नजर शून्यात, बहुतेक वेळा अर्ध्या मिनिटाच्या आत थांबतं, आणि दर वेळचं हसू हुबेहूब सारखं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसजवळच्या गाठीमुळे येणारी ही फिट असू शकते. बाळ हसरं आहे म्हणून आईबाप खूश असतात आणि महिने निघून जातात. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) कधीकधी नॉर्मल येतो, एमआरआय लागतो. ओळखायचं कसं? निरोगी बाळ हसताना तुमच्याकडे पाहतं आणि तुम्ही काय करता यावर त्याचं हसू वाढतं किंवा थांबतं. फिटच्या हसण्याला तुमचं देणंघेणं नसतं.

रंगपीठ

मज्जातंतू यांनी 'वेळ पाहा' म्हटलं तेच रंगमंचावर पहिलं शिकवलं जातं. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्याचे सहा प्रकार दिलेत आणि ते इतके नेमके आहेत की आजही तालमीत वापरता येतात. स्मित : गाल किंचित फुललेले, दात दिसत नाहीत. हसित : तोंड, डोळे, गाल फुललेले, दात थोडे दिसतात. विहसित : डोळे आणि गाल आकसलेले, गोड आवाज, प्रसंगाला धरून, चेहऱ्यावर लाली. उपहसित : नाकपुड्या फुगलेल्या, नजर तिरपी, खांदे आणि मान झुकलेली. अपहसित : नको तिथे आलेलं, डोळ्यांत पाणी, खांदे-डोकं गदगदा हलणारं. अतिहसित : कर्कश, डोळे वाहताहेत, दोन्ही हातांनी कुशी धरलेल्या. पहिले दोन उत्तम पात्रांना, मधले दोन मध्यम, शेवटचे दोन अधम. पात्रांची ही उतरंड मला पटत नाही, पण शरीराची निरीक्षणं पाहा : आवाज तिसऱ्या पायरीवर येतो, खांदे चौथ्या, डोळ्यांतलं पाणी पाचव्या आणि हात सहाव्या. खरं हसू याच क्रमाने अंगभर पसरतं.

नटाला हसायचं असेल तर 'हा'पासून सुरुवात करू नये. आधी जवळजवळ सगळा श्वास सोडायचा, पोट आत, रिकाम्या फुप्फुसावर एक-दोन बिनआवाजाचे धक्के द्यायचे आणि मग शरीर आपणहून जो श्वास खेचतं त्याच्यावर आवाज येऊ द्यायचा. नवशिक्या नट छाती भरून घेतो आणि 'हा हा हा' समान जोरात म्हणतो. ते तिसऱ्या रांगेपर्यंत खोटं कळतं.

प्रेक्षकांच्या हशाचंही शास्त्र आहे. लाफ्टर चढतो, टोकाला जातो, उतरतो. पुढचं वाक्य टोकावर टाकलं तर वाया जातं, पूर्ण शांततेत टाकलं तर हवा गेलेली असते. उतरायला लागला की घ्यायचं, आणि पहिले दोन शब्द असे ठेवायचे की ऐकू आले नाहीत तरी चालेल. लाफ्टर चालू असताना हातही हलवायचा नाही. हालचाल झाली की लोक बघायला लागतात आणि हसू तुटतं.

मराठीत एक खास अडचण आहे : वाक्याच्या शेवटी क्रियापद. धक्का देणारा शब्द आधी येऊन जातो आणि मागे 'दिला', 'केला', 'होता' असं शेपूट राहतं. त्यावरचा जुना उपाय म्हणजे क्रियापदानंतर पुन्हा वाक्य उघडायचं. 'मामांनी आहेर म्हणून सोललेला नारळ दिला' यावर कुणी हसत नाही. 'मामांनी आहेर म्हणून नारळ दिला. सोललेला' यावर हशा येतो. शब्द तेच, फक्त जागा बदलली. वगातले सोंगाडे हे फार सफाईने करतात.

सकाळची_फेरी

हास्यक्लबाबद्दल लिहायलाच हवं, कारण त्याचा उगम आपल्याकडचा. १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईत अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत पाच जणांना घेऊन सुरुवात केली. आधी विनोद सांगत. थोड्याच दिवसांत विनोद संपले आणि उरलेले काहींना लागायला लागले. मग विनोद काढून टाकले आणि हसण्याचाच व्यायाम ठेवला. आज कितीतरी देशांत असे गट चालतात. विनोद काढल्यावरच हे टिकलं, यातच अनुस्वार यांच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

गट चालवणाऱ्यांसाठी : गोल उभे करा, शेजाऱ्यात एक हात अंतर, समोरच्याचे डोळे दिसले पाहिजेत. पंचवीसच्या वर माणसं असतील तर दोन गोल करा, नाहीतर नजर पोचत नाही आणि सगळं कवायतीसारखं होतं. सुरुवातीला बोटांवर बोटं, तळव्यावर तळवा अशा टाळ्या, 'हो हो, हा हा हा' च्या ठेक्यावर, एक मिनिट. मग हात वर घेत चार अंक श्वास, हात खाली आणत सहा ते आठ अंक उच्छ्वास, तीनदा. त्यानंतर हसण्याचे प्रकार : नमस्कार करत, लस्सी एका पेल्यातून दुसऱ्यात ओतत, मोबाइल कानाला लावल्यासारखा करून, जीभ बाहेर काढून सिंहासारखं, तोंड उघडं पण आवाज नाही असं. प्रत्येक प्रकार ३० ते ४५ सेकंद आणि दोन प्रकारांच्या मध्ये श्वास. सगळं मिळून वीस मिनिटं पुरे. शेवटी दोन मिनिटं शांत उभं राहणं सोडू नका.

बिघडतं ते इथे. 'हा' गळ्यातून दाबून काढला की आठवड्यात आवाज बसतो. 'ह'मध्ये आधी हवा सुटू द्या, जोर पोटातून. मध्ये श्वास न घेता सलग हसलं तर चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. त्या माणसाला बसवा, हळू श्वास घ्यायला सांगा. कुणाच्या चालण्याची, बोलण्याची नक्कल हा 'प्रकार' म्हणून कधीही घेऊ नका. त्या क्षणी हशाचं हसं होतं आणि तो माणूस पुन्हा येत नाही. हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, काचबिंदू, अनियंत्रित रक्तदाब, फिट्स, गर्भाशय खाली सरकणे आणि गरोदरपण, यांत डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

याने रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी सगळं बरं होतं.

मज्जातंतू

सकाळची_फेरी, बाकी सगळं उत्तम, शेवटच्या ओळीला मात्र माझा स्पष्ट विरोध. दहा-पंधरा मिनिटांच्या हसण्यात साधारण १० ते ४० कॅलरी खर्च होतात, एक पोळीही जिरत नाही. हसण्याने मधुमेह बरा होत नाही आणि असं ऐकून गोळ्या सोडणारी माणसं असतात. जे दिसून आलंय ते वेगळं आणि मोलाचं आहे. रॉबिन डनबार या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत लोक मिळून हसल्यानंतर त्यांची वेदना सोसण्याची ताकद वाढलेली आढळली. त्यामागे एंडॉर्फिन, म्हणजे शरीराचंच वेदनाशामक रसायन, असावं असा त्यांचा निष्कर्ष. माकडं एकमेकांचे केस विंचरतात तेव्हा हेच होतं, पण एका वेळी एकालाच विंचरता येतं. हशा तीन-चार जणांना एकदम पोचतो.

सकाळची_फेरी

मान्य. ती ओळ मागे घेतो. गोळ्या चालू ठेवूनच यावं असं आमच्या फलकावरही लिहायला हवं.

मोगरीचा_वेल

गुदगुल्यांबद्दल कुणी लिहिलं नाही. मूल हसतंय म्हणजे त्याला आवडतंय, असंच ना?

मज्जातंतू

नाही, आणि हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं. गुदगुल्यांचं हसू आपोआपच्या वाटेने येतं, नको असलं तरी येतं. स्वतःला गुदगुल्या होत नाहीत, कारण आपल्या हाताचा स्पर्श कुठे होणार हे मेंदूने आधीच ताडलेलं असतं. लंडनमध्ये यंत्राच्या हाताने हे तपासलं. माणूस स्वतःच यंत्र हलवत होता, पण स्पर्शात १००, २०० मिलिसेकंदांचा उशीर घातला तशा गुदगुल्या जास्त जाणवू लागल्या. म्हणजे गुदगुल्यांना दुसरं कुणीतरी लागतं, अंदाजाबाहेरचं.

मुलांशी खेळताना तीन-चार सेकंद गुदगुल्या करा आणि दोन्ही हात पूर्ण बाजूला घ्या. मूल परत जवळ आलं, हात ओढू लागलं तर पुढे. पाठ फिरवली, कोपरं अंगाशी घट्ट लावली, श्वास लागला, तर थांबा. हसत हसत 'पुरे' म्हणालं तरी ते 'पुरे'च असतं.

घाटावरचा

लोकांना घाबरल्यावर, रागावलं जात असताना हसू येतं त्याचं काय? शाळेत यासाठी मुलं मार खातात.

अनुस्वार

मार खातात हे फार वाईट. १९६३ मध्ये छापलेल्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिल्ग्रम यांच्या प्रयोगात समोरच्याला विजेचे झटके द्यायला सांगितलेल्या ४० जणांपैकी १४ जणांना ताणामुळे हसू फुटलं. त्यांना मजा वाटत नव्हती, नंतर त्यांनी ते आवर्जून सांगितलं. ओरडा खाणाऱ्या मुलाचं हसू बहुधा 'मला इथून सोडवा' एवढंच म्हणत असतं. अशा वेळी शिक्षकाने प्रश्न थांबवावा, मुलाला बसू द्यावं, दोन मिनिटांनी शांतपणे विचारावं. 'हसतोस काय?' म्हटलं की ताण वाढतो आणि हसूही.

ताणाचं हसू गटात पसरतंही. ३० जानेवारी १९६२ रोजी आताच्या टांझानियातल्या काशाशा गावी मुलींच्या निवासी शाळेत तिघींना हसू सुरू झालं. पाहता पाहता १५९ पैकी ९५ मुलींना लागण झाली आणि १८ मार्चला शाळा बंद करावी लागली. 'हास्याची साथ' म्हणून ही हकिकत गमतीने सांगितली जाते. प्रत्यक्षात त्या मुली हसत होत्या तशाच रडत होत्या, अस्वस्थ होत्या, झटके तासन्‌तास येत-जात होते.

रंगपीठ

आपल्याकडच्या गप्पांत कोण कधी हसतं याच्या मराठीत नोंदी करता येतील का? नटांना फार उपयोग होईल.

अनुस्वार

नक्की करू या. पद्धत सोपी ठेवू. एका बैठकीला वीस मिनिटं, एकाच गटाची, शक्यतो चार-पाच माणसांची, त्यांना आधी सांगून. वहीत पाच रकाने : आधीचं वाक्य, ते कुणी म्हटलं, पहिलं कोण हसलं, सोबत आणखी किती हसले, आणि आवाज कसा (ओठातलं, नाकातून, खुदकन, फिस्सकन, खो खो). वयाने किंवा हुद्द्याने मोठं कोण आहे ते वर लिहून ठेवा. साहेब बोलले की कोण हसतं आणि साहेब कुणाच्या बोलण्यावर हसतात, ही दोन उत्तरं त्यावरच अवलंबून असतात.

सगळ्यात जास्त चूक पहिल्या रकान्यात होते. तिथे 'काहीतरी विनोदी बोलला' असं लिहिलंत तर ती नोंद निकामी. 'चहा घेणार का परत?' हे वाक्य असेल तर तेवढंच, जसंच्या तसं लिहा.